गोल्फची भूमी आणि तैलरंग : लीझ व लॅव्हरी

गोल्फच्या क्रीडाभूमीला आपण मराठीत सरसकट 'मैदान' म्हणतो. शब्द सोयीचा आहे. परंतु त्यामुळे चित्रकाराची खरी अडचण झाकली जाते. मैदान म्हटले की ते सपाट असावयाचे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जिला 'लिंक्स' म्हणतात ती भूमी सपाट नव्हे. ज्या जुन्या इंग्रजी शब्दापासून हे नाव आले, त्याचा अर्थच मुळी चढ किंवा उंचवटा असा आहे. वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या, त्यांवर आखूड, चिवट गवत, मधूनमधून उघडी पडलेली वाळू आणि पलीकडे समुद्र. कोकणातील 'पुळण' हा शब्द तिच्या जवळपास जातो खरा, पण पुळणीत गवताचा भाव नाही. (परिभाषा घडविणाऱ्या मंडळींनी या शब्दाचा विचार करावा, इतके जाता जाता सुचवितो.) अशी भूमी रंगवावयाची म्हणजे एकाच हिरव्या रंगातील चढउतार रंगवावयाचे.

चार्ल्स लीझ यांनी 'द गॉल्फर्स' (१८४७) या प्रसिद्ध तैलचित्रात ही अडचण टाळली, असे म्हणावे लागते. प्रसंग सेंट अँड्र्यूजच्या सामन्याचा आहे. चेंडू खळीच्या तोंडाशी पोहोचत आहे आणि भोवतालच्या गर्दीतील बहुतेक चेहरे ओळखता येतील असे आहेत. हिल व ॲडमसन यांनी तेथे घेतलेल्या छायाचित्राचे साहाय्य लीझ यांनी रचनेसाठी घेतले होते. रीत व्यक्तिचित्रकाराची आहे : एकेक आकृती स्वतंत्रपणे सिद्ध करावयाची आणि मग त्या सर्वांना एका भूमीवर आणून उभे करावयाचे. भूमी येथे रंगमंचाचे काम करते. चित्र उत्कृष्ट आहे; निसर्गचित्र मात्र ते नव्हे.

सर जॉन लॅव्हरी (१८५६–१९४१) यांची रीत याच्या उलट आहे. लंडनच्या टेट संग्रहातील 'द गोल्फ कोर्स, नॉर्थ बेरिक' (१९२२) हे त्यांचे चित्र पाहावे. बेलफास्टला जन्मलेले, ग्लासगोच्या चित्रकारमंडळात वाढलेले लॅव्हरी उघड्यावर, प्रत्यक्ष दृश्यासमोर उभे राहून रंगविण्यात मुरलेले होते. फोर्थच्या मुखावरील या किनाऱ्यावर प्रकाश क्षणोक्षणी बदलतो, ढगाची सावली टेकडीवरून सरकत जाते. तैलरंग लवकर वाळत नाही, हा त्याचा दोष मानला जातो. येथे तोच गुण ठरतो. ओल्या रंगावर ओला रंग चढविला की गवताची कड वाळूत विरघळते, आणि उंचवटा रेषेवाचून दिसू लागतो. हिरवा रंग नळीतून काढून जसाच्या तसा लावला तर भूमी रंगविलेल्या पत्र्यासारखी दिसेल. त्यात पिवळी माती, करडा, क्वचित जांभळट छटा मिसळावी लागते. खेळाडू म्हणजे कुंचल्याचे चारदोन फटकारे. पण भूमीचे माप आपल्याला त्यांच्यामुळेच कळते. ते पुसून टाकले तर टेकडी किती उंच, हे सांगता यावयाचे नाही.

असली चित्रे धनिकांच्या क्लबातील भिंतींसाठीच असतात, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि त्यात एक गोष्ट निसटते. पहिल्या महायुद्धात लॅव्हरी हे सरकारनियुक्त युद्धचित्रकार होते. १९१८ मध्ये उत्तर समुद्रावरील जहाजांचा काफिला त्यांनी वायुनौकेतून पाहून रंगविला. अवघ्या चार वर्षांनी त्याच समुद्राकाठी ते चेंडू टोलविणारी माणसे रंगवीत आहेत. या चित्रातील शांततेला केवळ सुखासीनता म्हणणे प्रस्तुत लेखकाला म्हणूनच पटत नाही.

मात्र लॅव्हरी यांचा एक मोह लपत नाही. समाजातील प्रतिष्ठित स्त्रीपुरुषांची व्यक्तिचित्रे रंगविण्यात त्यांची हयात गेली होती. त्यामुळे समोरची आकृती थोडी मोठी झाली की त्यांचा कुंचला गवत सोडून पोशाखाकडे वळतो. अशा ठिकाणी भूमी पुन्हा रंगमंच होते, आणि आपण लीझ यांच्याकडे परत येतो.