‘व्यक्त होणे’ आणि श्रद्धांजलीचा कर्ता

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठीतील एक क्रियापद बदलले आहे आणि आपल्या समीक्षेने या बदलाकडे पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही. ‘मत व्यक्त करणे’, ‘शोक व्यक्त करणे’, ‘खेद व्यक्त करणे’ ही आपली जुनी सकर्मक रचना. तीत व्यक्त करणारा एक असतो आणि जे व्यक्त केले जाते ते त्याच्याहून वेगळे, त्याने निवडलेले असे काही असते. समाजमाध्यमांवरील मराठीत मात्र माणूस नुसताच ‘व्यक्त होतो’. ‘या घटनेवर तुम्ही व्यक्त झाला नाहीत?’ असे आता विचारले जाते आणि विचारणाऱ्याला वाक्यात कशाची उणीव भासत नाही. ‘शोक व्यक्त झाला’ असे पूर्वीही म्हणता येत असे. परंतु तेथे व्यक्त होणारा शोक होता. आता ती जागा ‘मी’ने घेतली आहे.

हा बदल केवळ बोलण्याच्या लकबीचा आहे की त्यामागे अभिव्यक्तीविषयीची एक वेगळी धारणा आहे, हे तपासण्यासाठी समाजमाध्यमांवरील श्रद्धांजलीपर लेखन हे सर्वांत उपयुक्त क्षेत्र आहे असे मला वाटते. राजकीय मत, प्रवासातील क्षण, वाढदिवस यांबाबत लिहिणाऱ्याने स्वतःलाच पुढे केले तरी फारसे बिघडत नाही. श्रद्धांजलीत मात्र दुसरा माणूस विषय म्हणून गृहीतच असतो, आणि तो उत्तर द्यायला हजर नसतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शोकाच्याच संदर्भात व्यक्त आणि अव्यक्त ही जोडी येते. तेथे ‘व्यक्त’ म्हणजे जन्म आणि मरण यांच्यामधला काळ. जो व्यक्त होता तो अव्यक्त झाला, एवढाच मृत्यूचा अर्थ. आज नेमक्या त्याच क्षणी शोक करणारा व्यक्त होऊ लागतो.

या लेखनावर नेहमी घेतले जाणारे आक्षेप प्रथम बाजूला ठेवले पाहिजेत, कारण ते टिकत नाहीत. घाई हा दोष म्हणावा तर आचार्य अत्र्यांचे मृत्युलेखही दुसऱ्या दिवशीच्या अंकासाठीच लिहिले जात. १९६४ साली नेहरूंच्या निधनानंतर ‘मराठा’तून त्यांनी लिहिलेले आणि पुढे ‘सूर्यास्त’ या पुस्तकात आलेले लेख काही चिंतनाच्या निवांतपणात जन्मलेले नव्हते. अतिशयोक्तीबद्दल बोलायचे तर अत्र्यांचे नाव घेतल्यावर तो आक्षेप आपण मुकाट्याने मागे घ्यावा हे बरे. साचेबद्धपणाचेही तेच. वर्तमानपत्रातील चौकटीतला फोटो, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली ‘शोकाकुल’ कुटुंबीयांची उतरंड यांहून अधिक साचेबद्ध मजकूर मराठीत शोधावा लागेल. जोडलेल्या हातांचे चिन्ह हे त्या चौकटीचे अलीकडचे रूप आहे, इतकेच.

मृताला ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ म्हणून उद्देशून लिहिण्याची सुशिक्षितांत थट्टा होते. ‘सर, तुम्ही असे अचानक जायला नको होते’ या वाक्याला ‘सर आता फेसबुक वाचणार आहेत काय?’ असे उत्तर मी प्राध्यापक कक्षात ऐकले आहे. ही थट्टा अज्ञानमूलक आहे. खेडोपाडी बायका हेल काढून रडतात त्या रडण्याची रचना ज्याने लक्षपूर्वक ऐकली असेल त्याला हे संबोधन परके वाटणार नाही. त्या विलापात मृताशीच बोलले जाते. त्याने काय काय केले, कोणाला काय आणून दिले, कोणत्या प्रसंगी कसा पाठीशी उभा राहिला हे सारे त्यालाच सांगितले जाते, आणि भोवती बसलेल्या बायका ते ऐकतात, मध्येच आपली भर घालतात. मध्यमवर्गीय लेखनाने ही रीत अशोभनीय म्हणून वगळली होती. समाजमाध्यमांच्या अनौपचारिक लेखनात ती आपोआप परतली आहे. खालच्या प्रतिक्रिया म्हणजे त्या भोवती बसलेल्या बायकाच.

मग फरक कोठे पडतो? हेल काढणारी बाईही ‘आता मला कोण विचारील?’ असे म्हणते. म्हणजे ‘मी’ तेथेही आहे. परंतु तिच्या विलापातील वाक्यांचा कर्ता बहुतेक वेळा मृत माणूस असतो आणि ‘मला’, ‘माझ्या लेकरांना’ ही पदे त्याच्या क्रियेचे फळ जिथे पोचले ती ठिकाणे असतात. समाजमाध्यमांवरील श्रद्धांजलीत या विभक्तींची अदलाबदल होते. ‘मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा’, ‘मी त्यांच्यासोबत एका व्यासपीठावर होतो’, ‘माझ्या पुस्तकाचे प्रकाशन त्यांच्या हस्ते झाले’. शेवटच्या वाक्यात तर मृताला तृतीयेत ‘हस्ते’ म्हणून उभे केले आहे. त्याचा केवळ हात उरला आहे. या लेखनात वारंवार भेटणारे ‘भेटायचे राहूनच गेले’ हे वाक्य याहून गमतीचे. ते राहून गेले. कोणी ठेवले नाही. अपराधाची कबुली द्यायची, पण त्या अपराधाला कर्ता मिळू द्यायचा नाही, अशी सोय मराठी भाषेने येथे करून दिली आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये हे फार उघडे पडले. विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात असताना २३ तारखेच्या रात्री त्यांच्या निधनाची बातमी पसरली आणि श्रद्धांजलींचा पूर आला. ती बातमी खरी नसल्याचे कुटुंबीयांना सांगावे लागले. त्यांचे निधन २६ नोव्हेंबरला झाले. घाईबद्दल तेव्हा पुष्कळ बोलले गेले. मला त्या रात्री वाचलेल्या मजकुरातील वेगळीच गोष्ट अस्वस्थ करून गेली. त्यातील बहुतेक मजकूर माणूस जिवंत असतानाही अर्थदृष्ट्या खोटा ठरत नव्हता, कारण त्यात त्याच्याविषयी फारशी विधानेच नव्हती. विधाने होती ती लिहिणाऱ्यांविषयी, आणि ते सर्व सुखरूप होते.

येथे साहित्यशास्त्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या रसविघ्नांत स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणे हे एक विघ्न आहे; शोक हा ‘माझा’ असतो तोवर त्याचा करुण होत नाही. कॉलिंगवूडने ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’मध्ये (१९३८) भावना व्यक्त करणे आणि ती नुसती अंगावर उमटणे यांत भेद केला, तोही याच दिशेचा. आपण भावना व्यक्त करतो तेव्हा ती कोणती आहे हे आपल्याला त्या क्रियेतच कळते. ‘व्यक्त होणे’ या नव्या क्रियापदात हे कळणे अभिप्रेत नाही; दिसणे पुरेसे आहे.

हे सारे मी दुरून लिहीत नाही. एप्रिल २०२१ मध्ये, अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती त्या दिवसांत, माझे मार्गदर्शक गेले. दुखवट्याला जाणे शक्य नव्हते. त्या काळात असंख्य लोकांसाठी समाजमाध्यमावरची नोंद हेच भेटायला जाणे होते, हे विसरून या लेखनाविषयी बोलणे अन्यायाचे ठरेल. मीही अर्ध्या तासात एक नोंद लिहिली. तिला आजवर माझ्या कोणत्याही शोधनिबंधाला मिळाले नाहीत एवढे वाचक मिळाले. काही महिन्यांनी काकूंना भेटले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘छान लिहिलंस गं. तुझ्या प्रबंधाची इतकी आठवण खुद्द ह्यांनाही नव्हती.’ त्यांच्या स्वरात उपरोध होता की नाही हे मला अजून ठरवता आलेले नाही. घरी येऊन वाक्ये मोजली. चौदांपैकी अकरा वाक्यांची कर्ती मी होते.

कर्त्याची ही कसोटी यांत्रिकपणे लावता येणार नाही, हेही लगेच नोंदवले पाहिजे. दरवर्षी ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकरांविषयी जे लिहिले जाते त्यात ‘मी’ पदोपदी येतो. ‘मी शिकलो’, ‘मी खुर्चीत बसून सही करतो’, ‘माझी मुलगी इंजिनिअर झाली’. व्याकरणाने पाहिल्यास हे सर्वांत आत्मकेंद्री लेखन ठरेल. वस्तुतः येथे ‘मी’ हा साक्षीदार आहे. दुसऱ्या कोणाच्या क्रियेचा पुरावा म्हणून तो उभा आहे, आणि त्या ‘मी’च्या जागी लक्षावधी लोक स्वतःला ठेवू शकतात. साधारणीकरण म्हणतात ते याहून वेगळे काय असते? शब्दांची निवडही पाहण्यासारखी आहे. या लेखनात ‘श्रद्धांजली’ सहसा टाळली जाते. ‘अभिवादन’ किंवा ‘आदरांजली’ येते. ‘पुण्यतिथी’ऐवजी ‘महापरिनिर्वाण दिन’ येतो. शब्द इतक्या जाणीवपूर्वक निवडणाऱ्या लेखनाला सवंग म्हणणे कठीण आहे. मृत्यूविषयक मराठी शब्दांचा इतका विचार आपल्या ललित लेखकांनीही क्वचितच केला असेल.

आणखी एका लेखनाचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय सोडवत नाही. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलाजवळ अनेक वर्षे काम केलेले एक परिचर वारले. वर्तमानपत्रात त्यांच्यावर ओळही आली नाही. येण्याचे कारणही नव्हते. एका सहकारी बँकेत नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्याने त्यांच्याविषयी अकरा वाक्यांची नोंद लिहिली. परत आलेल्या पुस्तकांत राहिलेली बसची तिकिटे, वाळलेली पाने, पोस्टकार्डे हे गृहस्थ काढून ठेवीत. प्रत्येकाला पुस्तकाच्या दाखल क्रमांकाची चिठ्ठी लावीत आणि मालक कधी विचारायला येईल म्हणून एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवीत. लिहिणारा त्या नोंदीत एकदाच येतो, तोही ‘मला’ म्हणून: त्याची हरवलेली चिठ्ठी त्याला दोन वर्षांनी परत मिळाली होती. चिठ्ठीत काय होते ते त्याने सांगितलेले नाही. पु. लं.च्या नावावर खपवला जाणारा बेनामी मजकूर रोज वाचणाऱ्या वाचकाला या संयमाची किंमत कळेल.

नोंदीखाली पंचवीस-तीस प्रतिक्रिया होत्या. निम्म्या नुसत्या जोडलेल्या हातांच्या. बाकीच्यांनी चरित्र पुढे नेले. पावसात वाचनकक्षाच्या खिडक्या ते कोणत्या क्रमाने लावीत हे एकीने लिहिले. डबा बिस्किटांचा होता असा एकाने खुलासा केला. ते सेवेत कायम व्हायला किती वर्षे लागली यावर दोघांत मतभेद झाला आणि तो त्यांच्या मुलीने येऊन मिटवला. तिने सांगितलेला आकडा दोघांच्याही आकड्यांहून मोठा होता. डबा घरीच आहे, त्याचे काय करावे हे कळत नाही, असेही तिने लिहिले. मृत्युलेखाच्या आपल्या परंपरेत मृताच्या घरच्यांनी लेखाच्या संहितेतच शिरून तो दुरुस्त केल्याचे उदाहरण मला आठवत नाही. नामदेवांच्या नावावरील समाधीच्या अभंगांत निवृत्ती, सोपान, मुक्ताई यांचा शोक येतो, पण तो नामदेवाच्या वाणीतून. येथे एका सामान्य माणसाचे चरित्र अनेकांच्या हातांनी, दोन दिवसांत, कोणाच्याही संपादनाविना लिहिले गेले, आणि त्याचा कर्ता शेवटपर्यंत तो माणूसच राहिला.

ही संहिता मी वाचकांपुढे ठेवू शकत नाही. मूळ नोंद मी तेव्हा वहीत उतरवून घेतली. आपल्या शिक्षणाचा संस्कार असा की लेखकाचा मजकूर तेवढा संहिता वाटतो. प्रतिक्रिया उतरवल्या नाहीत. पुढे त्या विद्यार्थ्याने आपले खाते बंद केले. खिडक्या, डबा आणि मुलीचे उत्तर हे वर जे आले आहे ते सर्व मी आठवणीवरून लिहिले आहे, आणि तिने सांगितलेला वर्षांचा आकडा मला आता नक्की सांगता येत नाही.