जिंकणं हा पुरावा असतो का?

पीएचडीच्या तयारीत असाल तर मारिया कोनिकोवा यांचं ‘द बिगेस्ट ब्लफ’ (2020) वाचाच, पण पेन्सिल हातात घेऊन. कोलंबिया विद्यापीठातून मानसशास्त्रात पीएचडी केलेल्या कोनिकोवा एरिक सायडेल यांच्याकडे पोकर शिकायला गेल्या, तेव्हा कॅटमध्ये पत्ते किती हेही त्यांना माहीत नव्हतं. जानेवारी 2018 मध्ये बहामात एक स्पर्धा जिंकून त्यांनी 84,600 डॉलर मिळवले आणि पुढे त्या व्यावसायिक खेळाडू झाल्या.

पुस्तकाचं मुख्य म्हणणं: निर्णय तपासा, निकाल नव्हे. पटतं. इंदापूरच्या बागायतदाराने वेळेवर फवारणी करूनही डाळिंबावर तेल्या येऊ शकतो. म्हणून निर्णय चुकला असं होत नाही.

गोची पुढे आहे. एका स्पर्धेत नशिबाचा वाटा मोठा. कौशल्य दिसायला शेकडो स्पर्धा लागतात. तितकीच मेहनत करून हरलेल्यांची पुस्तकं आपल्यापर्यंत येत नाहीत. म्हणजे ‘निकाल बाजूला ठेवा’ सांगणारं पुस्तक आपल्या हातात येतं तेच निकालामुळे, आणि नमुना फक्त एकाचा!

म्हणून बारामतीत असा की इंदापुरात, संशोधन प्रस्ताव लिहिताना स्वतःला विचारा: निकाल उलटा आला, तरी ही पद्धत मला बरोबरच वाटेल का?