संख्यानामांचा वाद : एक भाषाशास्त्रीय परीक्षण

बालभारतीने २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची अडचण आणि उच्चार व लेखन यांतील उलटा क्रम ही कारणे सांगितली होती. विरोधकांनी प्रश्न भाषिक अस्मितेवर नेऊन ठेवला. वास्तविक तपासावयास हवे होते ते निदान.

उलट्या क्रमाच्या अडचणीस बोधात्मक मानसशास्त्राचा आधार आहे, यात शंका नाही. जर्मनमध्येही एकक आधी उच्चारतात. ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांविषयी झूबर व सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अंकलेखनाच्या सुमारे निम्म्या चुका या क्रमाशी निगडित आढळल्या. चेक भाषेत दोन्ही क्रम रूढ आहेत. तेथेही उलट क्रमाच्या नावांत अशा चुका अधिक होतात.

परंतु जर्मन नाव उलटे असले तरी पारदर्शक असते. ‘तीन’ आणि ‘वीस’ कानाला वेगळे ऐकू येतात. मराठीत तसे नाही. ‘तीन’चे तेवीसमध्ये ‘ते’, त्रेसष्टमध्ये ‘त्रे’, त्र्याहत्तरमध्ये ‘त्र्या’ होते. दशकही स्थिर नाही: ‘साठ’चे ‘सष्ट’, ‘सत्तर’चे ‘हत्तर’, आणि ‘पन्नास’चे बावन्नात ‘वन्न’ तर त्रेपन्नात ‘पन्न’. त्यात ‘एकोणतीस’ ऐकून मुलाने दशकस्थानी २ लिहावयाचे! एकोणिसापासून एकोणनव्वदपर्यंत ही वजाबाकी चालते, आणि ‘नव्याण्णव’ तेवढे बेरजेचे. हा क्रमाचा दोष नव्हे, पदरचनेच्या अपारदर्शकतेचा आहे. जर्मन मुलांवरील निष्कर्ष त्याविषयी काही सांगू शकत नाहीत.

‘वीस नऊ’ म्हटल्याने दोन्ही अडचणी एकदम टळतात हे खरे. म्हणूनच मुलाला लाभ झाला तरी तो कशामुळे झाला, हे कळत नाही. शिवाय अकोल्याच्या बाजारात कोणी ‘वीस नऊ रुपये’ म्हणत नाही. तेथील मुलाला जुने नाव शिकावेच लागते, आणि बहुधा ते त्याच्या कानावरून आधीच गेलेले असते. मेळघाटात धारणीच्या ज्या मुलाच्या घरी कोरकू बोलतात, त्याची गोष्ट निराळी. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. त्या मुलाला ‘एकोणतीस’ घरचे नव्हे. नव्या रीतीचा खरा उपयोग झाला तर तो त्याला होईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हे तपासणे अवघड नाही. अकोला आणि धारणी येथील दुसरीच्या वर्गांत तेच अंक प्रचलित नावांनी सांगून लिहवून घ्यावेत आणि चुकांची केवळ गणना न करता जात पाहावी. ‘तेवीस’साठी ३२ लिहिणारे मूल क्रमाने अडले आहे, ‘एकोणतीस’साठी ३९ लिहिणारे शब्दाने.