तीन अंकी लग्न

मराठी समीक्षकांनी कथा तपासली, कादंबरी सोलली, दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनाही सोडलं नाही. पण ज्या कलाकृतीपुढे चहापोह्यांचं आमिष दाखवून पाहुण्यांना तासन्‌तास बसवलं गेलं, त्या लग्नाच्या सीडीवर कुणी एक ओळ लिहिली नाही. ही उणीव भरून काढावी म्हणून आमच्या मावसभावाच्या लग्नाची सीडी मी परीक्षणाला घेतली आहे. लग्न 2005 च्या मे महिन्यातलं, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याचं. म्हणजे वधूवरांच्या चेहऱ्यावर जे चकाकतं आहे ते तेज नसून घाम आहे, हे रसिकांनी ध्यानात घ्यावं.

कलाकृती तीन अंकी आहे. कारण मात्र नाट्यशास्त्रातलं नाही, अंकगणितातलं आहे. 1993 साली ठरलेल्या व्हीसीडीच्या नियमांप्रमाणे एका तबकडीत 74, फार तर 80 मिनिटं मावतात. लग्न तीन तासांचं, म्हणून तबकड्या तीन. कुठे तोडायचं ते संगणकाने ठरवलं आणि संगणकाला मुहूर्त कळत नाही. त्यामुळे ‘शुभमंगल’ पहिल्या तबकडीत राहिलं आणि ‘सावधान’ दुसरीत गेलं. दुसरी तबकडी सापडेपर्यंत नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना ताटकळत उभी!

तबकडी भरण्याच्या क्रियेला ‘बर्न करणे’, म्हणजे चक्क जाळणे म्हणतात. तबकडीतल्या रंगाच्या थरावर लेसरने डाग द्यायचे असतात. त्यासाठी तेव्हा जो तो वापरी त्या प्रोग्रॅमचं नावच ‘नीरो बर्निंग रॉम’ आणि त्याचं चिन्ह म्हणजे पेटलेलं कलोसियम. रोम जळत असताना नीरो वाद्य वाजवत होता म्हणतात. आमचा स्टुडिओवाला खर्रा घोटत होता. तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली की अर्धी जळलेली तबकडी कायमची वाया जाई, कारण ती एकदाच लिहिता येते. मग ती ज्वारीच्या शेतात पाखरं हाकलायला टांगायची. त्या भागातल्या पाखरांच्या नशिबी जेवढी लग्नं आली, तेवढी भटजींच्याही आली नसतील.

आता दिग्दर्शन. नवरी गुलाबातून उगवते. नवरदेव ताजमहालापुढे उभा राहतो. ती कबर आहे हे त्याला कुणी सांगत नाही. अक्षता पडू लागल्या की सगळा मांडव चौकोनी ठोकळ्यांचा होतो. हा मात्र कलेचा दोष नाही. व्हिडिओ आकसून बसवताना प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच बहुतेक वेळा टिपतात. अक्षतेचा दाणा न्‌ दाणा हलतो, तेव्हा ठरलेली जागा पुरत नाही. याउलट जो गप्प बसलेला असतो, त्याला जागा जवळजवळ लागतच नाही.

इथे माझी खरी तक्रार सुरू होते. आजीने या लग्नासाठी स्वतः मंगलाष्टक रचलं होतं. त्यात घरातल्या सगळ्या सुनांची माहेरची गावं गुंफली होती. तिला लिहिता येत नव्हतं, दुसऱ्या कुणी उतरवून घेतलं नाही. सीडीत ती चार सेकंद दिसते आणि वर सिनेमाचं गाणं वाजतं. मी स्टुडिओवाल्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, म्हातारी नुसती बसून होती न! काईच हालत नोती. किती येळ दाखवू तिले?” कॅसेट मागितली, तर ती पुसून पुढच्या लग्नाला गेली होती.

यंत्राचा नियम असा, की डोळ्याला ज्याची उणीव भासणार नाही ते टाकून द्यायचं. आमच्या संपादकाने नेमकं जिवाला ज्याची उणीव भासेल ते टाकलं. आवाजाला व्हीसीडीत जागा ठरलेलीच असते. गाणं घाला नाहीतर आजी घाला, एक बाईटसुद्धा जास्त लागत नाही. न हलणारी आजी त्या यंत्राला परवडत होती. माणसाला परवडली नाही.

तेव्हा शिफारस एवढीच. घरात अशा तबकड्या असतील तर त्या चालताहेत तोवर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. तो रंगाचा थर उन्हाने आणि वयाने विटतो, आणि नव्या लॅपटॉपना तबकडीचं तोंडच नसतं. ताजमहाल गेला तर जाऊ द्या. आमच्या सीडीत पाहण्यासारखा भाग दुसऱ्या तबकडीत आहे, चार सेकंदांचा. आजीचे ओठ हलताना दिसतात. घरातल्या सुना ते थांबवून थांबवून पाहतात आणि कुठलं गाव चाललंय यावर भांडतात.