थोरोचा जमाखर्च आणि आपली विश्रांती

काही पुस्तकांचे भाग्य विचित्र असते. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते, त्यांतील दोन-चार सुविचार दिनदर्शिकेच्या पानांवर येतात, आणि त्यामुळेच मूळ पुस्तक वाचायचे राहून जाते. हेन्री डेव्हिड थोरो या अमेरिकन लेखकाचे १८५४ साली प्रसिद्ध झालेले ‘वॉल्डन’ हे अशांपैकीच एक. दुर्गाबाई भागवतांनी ते ‘वॉल्डनकाठी विचार-विहार’ या नावाने मराठीत आणले. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या लेखिकेला या पुस्तकाची ओढ वाटावी, हे स्वाभाविकच होते. विचार आणि विहार हे दोन शब्द त्यांनी शीर्षकात शेजारी बसवले, त्यातच पुस्तकाची निम्मी ओळख आली.

अलीकडे मोबाइल काही काळ दूर ठेवावा, असा उपदेश करणारे लेख वारंवार वाचनात येतात आणि त्यांत थोरोचे नाव हमखास असते. म्हणून आम्ही ‘वॉल्डन’ पुन्हा हाती घेतले. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलमध्ये, बसायला जागा मिळाली तर, रोज थोडे वाचायचे असा बेत होता. पहिली चाळीस पाने वाचायला आम्हाला तीन आठवडे लागले. दोष थोरोचा नव्हता. दर पाच मिनिटांनी खिशातले यंत्र थरथरत होते आणि आम्ही आज्ञाधारकपणे पुस्तक मिटून त्याच्याकडे पाहत होतो. आलेल्या निरोपांपैकी किती निकडीचे होते, याचा हिशेब आम्ही एकदा केला आणि लाजलो. तेव्हा पुढील विवेचन एका अपराधी वाचकाचे आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

थोरो ४ जुलै १८४५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील काँकॉर्ड गावाबाहेर, वॉल्डन तळ्याच्या काठी राहायला गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ रोजी तेथून परतला. जागा त्याचे स्नेही इमर्सन यांच्या मालकीची होती. दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशी खोपी त्याने स्वतःच्या हातांनी उभारली. तिचा खर्च अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. फळ्या, खिळे, चुना, इतकेच काय, एका सेंटच्या खडूचीही नोंद त्याने पुस्तकात केली आहे. अरण्यवासाच्या पुस्तकाचे सर्वांत लांब प्रकरण जमाखर्चाचे असावे, हे वाचकाला प्रथम चमत्कारिक वाटते. परंतु या ग्रंथाची खरी ताकद तेथेच आहे. वस्तूची किंमत पैशात न मोजता तिच्यासाठी आयुष्याचा किती भाग द्यावा लागतो यावरून मोजावी, ही त्याची रीत आहे.

या रीतीचा एक नमुना पाहा. काँकॉर्डला आगगाडी १८४४ साली आली होती. फिचबर्ग हे गाव तीस मैलांवर, तिकीट नव्वद सेंट. थोरो म्हणतो की मी आत्ता पायी निघालो तर रात्रीपर्यंत पोहोचेन. गाडीने जाणाऱ्याला मात्र आधी भाड्यापुरते पैसे कमवावे लागतील आणि त्यात त्याचा दिवस जाईल. जाता जाता तो एक तपशील नोंदवतो की याच मार्गावर राबणाऱ्या मजुरांची रोजी एके काळी साठ सेंट होती. म्हणजे ज्यांनी रूळ टाकले, त्यांना त्यावरून एकदा जायला दीड दिवसाची मजुरी मोजावी लागली असती. हा गुणाकार थोरो करीत नाही. वाचकाने तो अवश्य करावा.

थोरोला यंत्रद्वेष्टा ठरवणे मात्र चुकीचे आहे. त्याच्या घरी पेन्सिली बनवण्याचा व्यवसाय होता आणि त्या पेन्सिलींच्या शिशात त्याने स्वतः सुधारणा केली होती. आगगाडीची शिट्टी त्याला टोचते, तरी व्यापाऱ्यांच्या धाडसाचे आणि नियमितपणाचे तो कौतुक करतो, आणि गावात जायला रुळांचाच रस्ता धरतो. त्याचा आक्षेप साधनांच्या घाईवर आहे. मोर्सची पहिली तार वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला १८४४ साली गेली. एका वर्षाने तळ्याकाठी गेलेला हा मनुष्य विचारतो की मेन आणि टेक्सस ही दोन राज्ये तारेने जोडाल, पण त्यांना एकमेकांना सांगण्यासारखे काही आहे का? दिवसाकाठी शंभर ‘शुभ सकाळ’ स्वीकारणाऱ्या आम्हाला हा प्रश्न जुना वाटला नाही.

वाचनावरील प्रकरण आम्हाला विशेष भावले, कारण त्यात लेखकाची फजिती आहे. उत्तम वाचन ही मल्लाच्या कसरतीसारखी तालीम आहे, असे तो बजावतो. तथापि त्या पहिल्या उन्हाळ्यात होमरचे ‘इलियड’ त्याच्या मेजावर नुसतेच पडून होते. घर पुरे करायचे होते, घेवड्याची खुरपणी करायची होती. मधल्या वेळात त्याने हलकीफुलकी प्रवासवर्णने वाचली आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. ही कबुली आम्हाला त्याच्या उपदेशाहून अधिक मोलाची वाटते. थकलेला देह जड ग्रंथ उचलू शकत नाही, हे सत्य त्यात आहे. आमची मुले वाचत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्या पालकांनी आपण स्वतः कामावरून परतल्यावर हातात काय घेतो, याचा विचार करावा.

येथवर स्तुती झाली. आता या ग्रंथाचा मोठा दोष सांगणे भाग आहे. तो ‘बेकर फार्म’ या प्रकरणात दिसतो. पाऊस आला म्हणून थोरो एका झोपडीत शिरतो. तेथे जॉन फील्ड नावाचा आयरिश मजूर बायको आणि बऱ्याच मुलांसह राहत असतो. दहा डॉलर एकरी या दराने तो शेजारच्या शेतकऱ्यासाठी दलदलीची जमीन खणून देतो. त्याचे छप्पर गळते आहे. अशा माणसाला थोरो व्याख्यान देतो: चहा, कॉफी, लोणी, मांस सोडून दे, म्हणजे इतके राबावे लागणार नाही. जॉन सुस्कारा टाकतो, त्याची बायको कमरेवर हात ठेवून पाहत राहते. लेखकाला ती मंदबुद्धीची खूण वाटते. आम्हाला मात्र ते संबंध पुस्तकातील सर्वांत समर्पक उत्तर वाटले. पाच-सहा तोंडांची चूल पेटवणाऱ्या बाईने एकट्या जिवाच्या हिशेबाला दुसरे काय उत्तर द्यावे?

त्या आयरिश कुटुंबांकडे हा चाणाक्ष डोळा नीट पाहतच नाही. त्याच्या खोपीच्या फळ्यासुद्धा जेम्स कॉलिन्स या रेल्वेवरील आयरिश मजुराची झोपडी सव्वाचार डॉलरला विकत घेऊन मिळवलेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कुटुंब एका बोचक्यात संसार बांधून वाटेला लागलेले त्याला भेटते. तळ्यावरचा बर्फ कापायला हिवाळ्यात शंभर आयरिश मजूर येत. तो बर्फ मद्रास, मुंबई आणि कलकत्त्यापर्यंत जाई, असे थोरो लिहितो आणि वॉल्डनचे पाणी गंगेत मिसळल्याच्या कल्पनेत रमतो. कल्पना सुंदर आहे. पण गोठलेल्या तळ्यावर उभ्या असलेल्या त्या शंभर माणसांना निवांत क्षण कधी मिळत असेल, हा प्रश्न त्याला पडत नाही.

आणि आपला प्रश्न नेमका तोच आहे. आपल्या घरांत रात्रपाळी करणारी परिचारिका आहे, वरिष्ठांचा निरोप केव्हा येईल म्हणून जेवतानाही यंत्राकडे पाहणारा मुलगा आहे, आखातात नोकरी करणाऱ्या जावयाच्या हाकेची वाट पाहणारी लेक आहे. यांना ‘यंत्र बंद करा’ असे सांगणे म्हणजे जॉन फील्डला लोणी सोडायला सांगण्यासारखेच नव्हे काय?

या ठिकाणी आम्हाला एक फार जुना ग्रंथ आठवतो. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीतील अठ्ठेचाळिसावे प्रकरण श्रम आणि वाचन यांच्या वेळा ठरवून देते. प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी प्रत्येक मठवासीयाला एक ग्रंथ मिळावा आणि तो त्याने क्रमाने, अखेरपर्यंत वाचावा, असा दंडक त्यात आहे. वाचनाच्या वेळी कोणी गप्पा मारीत तर नाही ना, हे पाहण्यासाठी एक-दोन ज्येष्ठांनी फेरी मारावी, असेही सांगितले आहे. म्हणजे मन सैरावैरा धावण्याचे दुखणे मोबाइलच्या कितीतरी आधीचे आहे! साहित्यगुणांत ही नियमावली ‘वॉल्डन’च्या जवळपासही येत नाही. पण थोरोला न सुचलेली एक गोष्ट तिला ठाऊक आहे. निवांतपणा एकट्याने कमावला तर तो चैन ठरतो. सर्वांनी मिळून वेळ राखला तरच तो दुर्बळाच्याही वाट्याला येतो. आजारी आणि अशक्त बंधूंना झेपेल असेच काम द्यावे, हेही त्याच प्रकरणात सांगितले आहे.

कुटुंबाला तळ्याकाठी जाता येत नाही. परंतु सायंकाळच्या जपमाळेनंतरचा एक तास सर्वांनी मिळून राखता येईल. ज्याच्यावर कामाची जबाबदारी आहे किंवा ज्याचे कोणी आजारी आहे, त्याचे यंत्र खुशाल चालू राहावे. बाकीच्यांनी त्याला दोष देऊ नये. आणि ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात, त्यांनी रात्री निरोप धाडण्यापूर्वी थोरोचा जमाखर्च आठवावा: या निरोपासाठी दुसऱ्याच्या आयुष्याचा किती भाग खर्ची पडणार आहे?

‘वॉल्डन’ अवश्य वाचावे. प्रथम वाचनाचे प्रकरण घ्यावे, मग जमाखर्चाचे, आणि ‘बेकर फार्म’ शेवटी. ते वाचताना मात्र थोरोच्या खांद्यावरून पलीकडे, गळक्या छपराखाली कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या त्या बाईकडे पाहावे. तिची बाजू मांडणारे प्रकरण थोरोने लिहिले नाही. ते वाचकालाच मनात लिहावे लागते.