सैनिकी पत्रे आणि मराठी पत्रवाङ्मयाची मर्यादा : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

मराठी पत्रवाङ्मयाचा विचार लोकमान्य टिळक, साने गुरुजी, जी. ए. कुलकर्णी अशा सिद्धहस्त लेखकांच्या पत्रांभोवती फिरतो. पलटणीतून गावी आलेल्या पत्राची वाङ्मय म्हणून फारशी दखल घेतली गेलेली नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळी आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. या परिसरात सैन्यभरतीची परंपरा जुनी असून, साताऱ्याजवळील अपशिंगे (मिलिटरी) या एकाच गावाचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. मराठा पलटणींचे प्रमुख रणक्षेत्र मेसोपोटेमिया हे होते. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या आणि नेहमीचे टपाल खुंटले.

अशा पत्रांतील ठरावीक मायना व क्षेमकुशल यांना समीक्षक साचेबंद म्हणतील. तथापि शिपाई बहुधा निरक्षर असे; मजकूर एक जण लिही, गावी दुसरा वाचून दाखवी. मागचे पत्र पोहोचले की नाही, याची खात्री नसे. त्यामुळे प्रत्येक पत्राला स्वयंपूर्ण असावे लागे. ‘येथील सर्व क्षेम’ हा केवळ उपचार नव्हता. लिहिणारा त्या तारखेपर्यंत जिवंत होता, याची ती ग्वाही होती.

युरोपातील हिंदी सैनिकांचे टपाल फ्रान्समध्ये बूलोन येथे ई. बी. हॉवेल यांच्या देखरेखीखाली तपासले जाई. निवडक उतारे इंग्रजीत अनुवादून अहवालांना जोडले जात. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांतील पत्रे संपादित केली. ‘काळी मिरी’ म्हणजे हिंदी शिपाई, अशी सांकेतिक भाषा त्यांत आढळते. परंतु या संग्रहात पंजाब व उत्तर हिंदुस्थानातील सैनिकांचाच आवाज प्रधान आहे.

यातील विसंगती लक्षणीय आहे. ज्या यंत्रणेने पत्र तपासले, तिनेच त्याचा अंश जपला. मात्र मूळ भाषा गमावून. उलट ज्या पत्राचा उतारा घेतला गेला नाही, त्याचा मजकूर या अहवालांत उरला नाही. म्हणून अनुवादित उताऱ्यांवरून मराठी सैनिकाच्या शैलीविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. सातारा-सांगलीतील महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांनी घरोघरच्या पत्र्याच्या ट्रंकांतील मूळ पत्रे संकलित करणे, हे या समीक्षेपूर्वीचे अनिवार्य कार्य होय.