गाण्याची जागा

मराठी संगीतसमीक्षेने गायकांविषयी पुष्कळ लिहिले, गाण्यांविषयी त्याहून अधिक लिहिले. परंतु गाणे ज्या जागेत रंगले तिच्याविषयी ती बहुधा मौनच राहिली. नाट्यगृहाचे वा मैदानाचे नाव येते ते प्रयोगाची तिथी सांगण्यापुरते. आमच्या मते ही उणीव तपशिलाची नसून दृष्टीची आहे. लोकप्रिय संगीत श्रोत्यांच्या गर्दीत घडते, आणि त्या गर्दीला आकार देते ती जागा.

नागपूर-भंडाऱ्याकडील खडी गंमत पाहा. शाहीर उभा, मागे झीलकरी, हाती डफ आणि तुणतुणे; भोवती जमिनीवर बसलेले गाव. उघड्या आभाळाखाली शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा म्हणून स्वर चढा, आणि शाहिराला श्वास घेता यावा म्हणून झील लांब. हीच गंमत बंदिस्त सभागृहात ध्वनिक्षेपकापुढे उभी केली की शाहीर एकाच दिशेला तोंड करतो, झीलकरी शोभेचे उरतात. शब्द तेच, चाल तीच. तरी रचनेचे कारणच हरवलेले असते. जुन्या नाट्यसंगीताचेही असेच आहे. ध्वनिक्षेपकाविना भरलेले नाट्यगृह व्यापण्याची गरज त्या उंच पट्टीच्या गायकीत ऐकू येते.

अशी जागा शहराची ओळख कशी होते, हे कोल्हापुराने अलीकडेच दाखविले. शाहू महाराजांनी 1915 साली उभारलेले पॅलेस थिएटर पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. जळत्या वास्तूपुढे कलावंतांनी आणि रसिकांनी ढाळलेले अश्रू लाकडाकौलांसाठी नव्हते. पुनर्बांधणीची मागणी तत्काळ झाली आणि शासनाने ती मान्यही केली.

मुंबईच्या धोबी तलावाजवळील रंगभवनाच्या वाट्याला याच्या उलट प्रकार आला. या खुल्या रंगमंचाने मराठी नाटके पाहिली, 1978 पासून जॅझ यात्रा पाहिली, पुढे तरुणांचे रॉक संगीतही पाहिले. एकाच पायऱ्यांवर इतके भिन्न श्रोते बसल्याचे उदाहरण त्या महानगरातही विरळाच. ध्वनिप्रदूषणविषयक 2000 सालच्या नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरविला, आणि 2003 च्या सुमारास रंगभवनातील मैफली थांबल्या. येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे: रुग्णाच्या झोपेचा हक्क गाण्याच्या हक्काहून लहान नाही, आणि नियमाचा हेतू निर्दोष आहे. आमची तक्रार इतकीच की, एक जागा मुकी झाली तेव्हा तिच्या श्रोत्यांना तशीच दुसरी जागा देणे हे कोणाचेच कर्तव्य मानले गेले नाही. कोल्हापुरात वास्तू गेली पण तिच्यावरचा हक्क सांगणारे उरले. मुंबईत वास्तू राहिली आणि श्रोते पांगले. यांपैकी अधिक मोठी हानी कोणती, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

आता आमच्या घरची गोष्ट. 1956 पूर्वी लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा हा मुलूख ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुनर्रचनेत नागपूर तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. बोली आणि भजन मात्र सीमेने अडले नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आमच्याकडेही तितकीच वाजते. परंतु आमच्या गाण्याला ना शाहू महाराजांचे थिएटर, ना रंगभवनाच्या पायऱ्या. देवळापुढचे पटांगण, बाजाराचा चौक, एखाद्या घराची ओसरी हीच आमची नाट्यगृहे. ती जळत नाहीत, त्यांना टाळेही लागत नाही. तेथे दुकानांचे गाळे उभे राहतात, वाहने उभी राहतात, आणि काही गेले याची वार्ताही होत नाही.

2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याच्या वारशाची यादी कधी सिद्ध झाली तर तीत देवळे येतील, येणे योग्यही आहे. देवळापुढचे पटांगण येईल काय? अमूर्त वारशाविषयीच्या युनेस्कोच्या 2003 च्या करारात कलेशी निगडित सांस्कृतिक अवकाशांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि भारताने तो 2005 साली स्वीकारला आहे. तत्त्व मान्य झाले. नोंद करणारा हात तेवढा हवा.

तो हात समीक्षकाचा असावा असे आम्हांस वाटते. आपल्या गावी गाणे कोठे होई, गाणारा कोणत्या दिशेला तोंड करून उभा राही, स्त्रिया कोठे बसत, आवाज कोणत्या गल्लीपर्यंत पोचे, हे सांगणारी वृद्ध मंडळी आज हयात आहेत. ते लिहून घेणे हे संगीताच्या समीक्षेचेच काम आहे. कारण पटांगण गेल्यावर उरलेल्या चालीचा चढा स्वर का, हे पुढच्या पिढीस कोणी सांगू शकणार नाही.